वरकस मार्गावरची आगबोट

ग्रीसच्या बेटांवर राहणारा माणूस हवामानाची चौकशी करताना ऊन आहे की पाऊस, हे विचारीत नाही. 'आज किती बोफोर?' असा त्याचा प्रश्न असतो. ब्यूफर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाऱ्याचा जोर मोजण्याची जी श्रेणी बसविली, तिचे नाव तेथे घराघरांत रूढ झाले आहे. खेड्यातली आजीबाईही पाच आणि सहा यांतला फरक जाणते. सहा म्हणजे बोट लागणार. सात म्हणजे ज्याला निकड नाही त्याने प्रवास उद्यावर ढकलावा. आणि आठ म्हणजे सर्वसाधारणपणे बंदरखात्याचा मनाई हुकूम. तो निघाला की पिरेयसच्या धक्क्यावर बोटी एकीला लागून एक अशा बांधून पडतात आणि एजियन समुद्रातील बेटे आपापल्या जागी एकटी होतात. हे केवळ हिवाळ्यातच घडते असे नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये, आकाशात ढगाचे टिपूसही नसताना, उत्तरेकडून 'मेल्तेमी' सुटतो. प्राचीन ग्रीकांनाही तो ठाऊक होता. वर्षाच्या वर्षाला येणारे वारे अशा अर्थाचे नाव त्यांनी त्याला दिले होते. निळ्याभोर आकाशाखाली बोट बंद का, हे परक्या पर्यटकाला उमगत नाही आणि तो तिकिटाच्या खिडकीवर हुज्जत घालीत बसतो. बेटावरचा माणूस मात्र हातातली पिशवी खाली ठेवून कॉफी मागवितो.

आपल्याकडे ग्रीक बेटांची ओळख आहे ती पर्यटन-कंपन्यांच्या रंगीत चित्रांवरून. पांढरीशुभ्र घरे, निळे घुमट, मावळता सूर्य. या चित्रात बोट असलीच तर ती शोभेसाठी असते. वस्तुतः तेथे बोट हाच रस्ता आहे. ग्रीसमध्ये लहानमोठी बेटे सुमारे सहा हजार. त्यांतील वस्तीची म्हणून गणली जाणारी २२७. एका टोकाला सहा लाखांवर लोकसंख्येचे क्रीट आणि दुसऱ्या टोकाला हिवाळ्यात शंभर माणसेही न उरणारी बेटे, असा हा पसारा आहे. विमानतळ त्यांतील थोड्याच बेटांना आहे. उरलेल्यांना पीठ, भाजी, औषधे, सिमेंट, टपाल, शाळेचे मास्तर आणि मतपेट्या हे सारे बोटीनेच येते. आपल्या एस.टी.ने महाराष्ट्रातील खेड्यांसाठी जे केले ते या बोटींनी ग्रीक बेटांसाठी केले आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. फरक एवढाच, की एस.टी. बंद पडली तर माणूस बैलगाडीने किंवा पायी जाऊ शकतो.

पिरेयसहून सकाळी साडेसातच्या सुमारास सुटणाऱ्या बोटीवर चढण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला आहे. पारोस, नाक्सोस, सांतोरिनी अशी बंदरे घेत ती जाते. नाक्सोसला पोहोचायला पाच-साडेपाच तास लागतात, सांतोरिनीला सुमारे आठ. सर्वांत स्वस्त तिकीट उघड्या डेकचे. बसायला प्लास्टिकची खुर्ची आणि पाठीशी धुराड्याची ऊब. कंपनीच्या भाषेत हा कनिष्ठ वर्ग, पण प्रवास खऱ्या अर्थाने येथेच घडतो. लष्करी नोकरीवर निघालेला पोरगेला शिपाई, अथेन्सच्या इस्पितळातून परतणारे वृद्ध जोडपे, पिंजऱ्यातील मांजर, वाद्याच्या पेटीवर डोके टेकून झोपलेला वादक, असे सारे एकाच रांगेत. वेगवान कॅटमरान निम्म्या वेळात पोहोचवितात हे खरे, परंतु त्यांत उतारूला काचेआड बसवून ठेवतात, तिकीट महाग असते आणि वारा थोडा चढला की पहिली मनाई त्यांनाच होते.

या प्रवासातील पाहण्यासारखा क्षण म्हणजे बोट धक्क्याला लागण्याचा. ती नाळेकडून धक्क्याला येतच नाही. बंदरात शिरून ती जागच्या जागी वळते, पुढून नांगर सोडते आणि पाठमोरी मागे सरकत येते. धक्का हातभर अंतरावर आला की पिछाडीची प्रचंड लोखंडी फळी खाली टेकते. त्याआधीच उतारूंना खाली, मोटारी ठेवण्याच्या तळमजल्यात, उतरवून ठेवलेले असते. डिझेलच्या वासात, ट्रकांच्या मधल्या बोळात, सामान हातात धरून सारे उभे. फळी पडते न पडते तोच माणसे, मोटारसायकली आणि मालाच्या गाड्या एकाच वेळी बाहेर पडू लागतात आणि तितक्याच आत शिरू लागतात. खलाशी ओरडत असतो, शिट्ट्या वाजत असतात. छोट्या बंदरात हा सगळा खटाटोप पाच-दहा मिनिटांत आटोपून बोट पुन्हा पाण्यात. या कौशल्याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही, आणि ही घाई पाहून काळजीही वाटल्याशिवाय राहत नाही.

ती काळजी निराधार नाही. ५ सप्टेंबर २०२३ रोजी पिरेयसमध्ये क्रीटला जाणारी 'ब्लू स्टार होरायझन' सुटत असताना ३६ वर्षांचा एक उतारू धावत येऊन फळीवर चढू पाहत होता. खलाशांनी त्याला ढकलले, तो फळी आणि धक्का यांमधल्या पाण्यात पडला आणि बोट तशीच पुढे गेली. धक्क्यावरच्या लोकांनी टिपलेले हे दृश्य साऱ्या ग्रीसने पाहिले. तो बुडून मेला. त्यानंतर खलाशांच्या बाजूने काही अनुचित उद्गार काढल्यामुळे नौकानयन मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खलाशी क्रूर होते असे म्हणून हा विषय संपविणे सोपे आहे. पण दर बंदरात मिनिटे वाचविण्याची जी सवय एका संपूर्ण व्यवसायाला लागलेली आहे, तिचा हिशेब कोणी मांडायचा?

तो हिशेब यापूर्वीही दोनदा मोठ्या किमतीने मांडला गेला आहे. ८ डिसेंबर १९६६ च्या मध्यरात्रीनंतर क्रीटमधील सूदाहून पिरेयसकडे निघालेली 'हेराक्लिओन' ही बोट फाल्कोनेरा या निर्जन बेटाजवळ वादळात बुडाली. मूळची ही इंग्रजी बनावटीची जुनी बोट. मोटारी नेता याव्यात म्हणून तिच्या अंगाला दारे पाडून घेतली होती. संत्री भरलेला एक शीतपेटीचा ट्रक नीट बांधलेला नव्हता. लाटांच्या हेलकाव्याने तो सुटला आणि दारावर आपटत राहिला. दार निखळले आणि समुद्र आत आला. दोनशेहून अधिक माणसे गेली, वाचलेली पन्नासही नव्हती. चौकशीत कंपनीचा हलगर्जीपणा उघड झाला, तिची इतर बहुतेक जहाजेही तपासणीत नापास ठरली आणि मालकाला तुरुंगात जावे लागले.

यानंतर क्रीटच्या लोकांनी जे केले ते महाराष्ट्रातील वाचकांना विशेष जवळचे वाटेल. पिरेयसच्या जहाजमालकांवर विसंबून राहायचे नाही, बोट आपलीच काढायची, असे त्यांनी ठरविले. १९६७ साली खान्या शहरात 'आनेक' ही कंपनी स्थापन झाली. किसामोसचे बिशप इरिनेओस हे तिच्या प्रवर्तकांतील प्रमुख. शेतकरी, दुकानदार, शिक्षक यांनी लहान लहान भाग घेतले. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या भागभांडवलासाठी जशी गावोगाव शेतकऱ्यांना साद घातली गेली, तसाच हा प्रकार. १९७० साली तिची पहिली बोट निघाली, आणि १९७२ मध्ये हेराक्लिओन शहरातील लोकांनीही आपली कंपनी काढली. बेटावरच्या माणसाने बोटीचा मालक व्हावे, या कल्पनेत एक स्वाभिमान होता. तो किती टिकला, हा वेगळा प्रश्न आहे. मालक पुष्कळ असले तरी कर्ज एकच असते; आणि कर्जाने वाकलेली 'आनेक' २०२३ च्या अखेरीस अ‍ॅटिका या बलाढ्य समूहात विलीन झाली. सहकाराचा शेवट कसा होतो हे आपल्याला कोणी क्रीटहून येऊन सांगण्याची गरज नाही, असो.

दुसरा अपघात २६ सप्टेंबर २००० चा. 'एक्स्प्रेस समीना' ही १९६६ साली बांधलेली बोट रात्री पारोसच्या बंदराकडे येत असताना 'पोर्तेस' नावाच्या खडकांवर आदळली. हे खडक काही अज्ञात नव्हते. त्यांवर दिवा आहे आणि तो मैलोगणती अंतरावरून दिसतो. सुकाणूकडे ज्यांनी लक्ष द्यायचे त्यांच्यापैकी काही जण दूरचित्रवाणीवरील फुटबॉलचा सामना पाहण्यात गुंतले होते, असे त्या वेळी बाहेर आले. त्याहून गंभीर गोष्ट ही, की पाणी अडविण्यासाठी असलेली आतली दारे बंद करून ठेवलेली नव्हती. ती बंद असती तर बोट कदाचित तरंगत राहिली असती. पाचशेहून अधिक लोकांपैकी सुमारे ऐंशी जण मृत्यू पावले; पारोसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या वादळात लोटल्या नसत्या तर हा आकडा कितीतरी वाढला असता. त्या काळी एजियनमधील बहुतेक महत्त्वाचे मार्ग छोट्या मालकांकडून विकत घेत घेत एका कंपनीच्या हाती आले होते, आणि समीना तिचीच.

स्पर्धा आली की सुधारणा होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या नियमानुसार अंतर्गत जलवाहतूक खुली करणे ग्रीसला भाग होते. २००४ पर्यंतची मुदत असताना सरकारने ती १ नोव्हेंबर २००२ पासूनच खुली केली. उन्हाळ्यात मिकोनोस किंवा सांतोरिनीला जाणाऱ्याला त्याचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. नव्या, प्रशस्त, वेगवान बोटी आल्या. परंतु स्पर्धा ही नेहमी जेथे पैसा आहे तेथेच धावते. आणि गेल्या काही वर्षांत तीही ओसरली आहे: ब्लू स्टार, समीनाच्या मूळ कंपनीची वारसदार हेलेनिक सीवेज आणि आता 'आनेक', या तिन्ही नावांच्या बोटी एकाच समूहाच्या छत्राखाली आहेत. म्हणजे २००० साली ज्या एकाधिकाराविरुद्ध एवढा गहजब झाला, त्याच दिशेने पावले पुन्हा वळली आहेत. या वेळी बोटी चांगल्या आहेत, एवढाच दिलासा.

जेथे पैसा नाही त्या मार्गांना ग्रीक भाषेत 'आगोनी ग्रामी' म्हणतात. शब्दशः अर्थ नापीक ओळ, काही न पिकणारा मार्ग. कोकणी माणसाने याला बिनदिक्कत 'वरकस' म्हणावे. भातखाचराची जमीन वेगळी आणि डोंगरउतारावरची वरकस वेगळी; तिच्यात नाचणी-वरी निघते, सावकार तिच्यावर कर्ज देत नाही, पण घरातली पोरे जगतात ती तिच्यावरच. नौकानयन खाते दरवर्षी अशा मार्गांच्या निविदा काढते आणि तूट भरून देण्याच्या बोलीवर कंपन्यांकडून बोटी चालवून घेते. २०१० नंतरच्या आर्थिक अरिष्टात हे अनुदान थकले, तेव्हा बोटी बांधून ठेवण्याच्या धमक्याही दिल्या गेल्या. तिजोरीत खडखडाट असलेल्या त्या वर्षांत 'एवढ्याशा लोकांसाठी एवढा खर्च कशाला' हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक होते. तो प्रश्न आजही विचारला जातो, आणि त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडणार नाही.

नाक्सोस आणि आमोर्गोस यांच्या दरम्यान इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनीसिया, दोनूसा अशी चिमुकली बेटे आहेत. प्रत्येकावर काही शेकड्यांच्या आत वस्ती. उन्हाळ्यात मोठ्या बोटीही तेथे डोकावतात. परंतु थंडीत त्यांना जगाशी जोडणारी बोट म्हणून लोक नाव घेतात ते 'स्कोपेलीतिस' या छोट्या आगबोटीचे. १९८६ साली बांधलेली ही बोट पिढीच्या पिढीला शाळेला, दवाखान्याला, लग्नाला आणि अंत्ययात्रेला घेऊन गेली आहे. मोठ्या बोटीपुढे तिची हालचाल फार. बोट लागण्यासाठी तिची ख्याती आहे. पण त्या बेटांवर तिची थट्टा करण्याचा अधिकार फक्त तिथल्याच लोकांना आहे.

शाळेचा उल्लेख वर आला. सप्टेंबरमध्ये ग्रीसच्या मुख्य भूमीवरून हंगामी शिक्षकांच्या नेमणुका दूरदूरच्या बेटांवर होतात. ट्रंका घेऊन, कित्येकदा आदल्या रात्रीपासून डेकवर बसून, तरुण शिक्षक-शिक्षिका उतरतात. पर्यटनाने घरभाडी इतकी वाढली आहेत की पगारात खोली मिळणे कठीण. शाळा सुरू झाली तरी काही जण तात्पुरत्या जागेत दिवस काढतात. मुलांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असली तरी शाळा उघडते. दुर्गम खेड्यातील द्विशिक्षकी शाळेवर ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली आहेत त्या आपल्या शिक्षकांना या चित्रात अपरिचित असे काही वाटणार नाही. बोट आठवड्यातून तीनदा आली तर तो शिक्षक टिकतो. एकदाच आली तर तो पुढच्या वर्षी बदली मागतो, त्याच्यामागून एखादे कुटुंब जाते, आणि मुले गेली की शाळा जाते.

२०१८ साली ग्रीक सरकारने 'वाहतूक-समतुल्य' नावाची योजना कायद्याने आणली. तिचे तत्त्व साधे आहे: तेवढेच अंतर जमिनीवरून बसने तोडायला जो खर्च आला असता त्याहून अधिक भार बेटावरच्या नागरिकाने समुद्र ओलांडण्यासाठी का सोसावा? वरचा फरक सरकार त्याच्या खात्यात जमा करते. मालवाहतुकीसाठीही अशीच तरतूद आहे. अर्जांची किचकट पद्धत, पैसे मिळण्यातील दिरंगाई या तक्रारी आहेतच. कोणत्या सरकारी योजनेत नसतात? तथापि तत्त्व म्हणून ही गोष्ट मोलाची आहे. समुद्र हा नागरिकाचा अपराध नव्हे, असे एका राज्याने कायद्यात लिहून ठेवले आहे.

संकटकाळी या बोटींचे खरे मोल कळते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून हजारो सिरियन निर्वासित कोस बेटावर उतरले, तेव्हा सरकारने 'एलेफ्थेरिओस वेनिझेलोस' ही प्रवासी बोट तेथे पाठवून तिच्यावरच त्यांची नोंदणी केली. २०२५ च्या फेब्रुवारीत सांतोरिनीजवळ भूकंपांची मालिका सुरू झाली. काही दिवसांत दहा हजारांहून अधिक लोकांनी बेट सोडले, ते प्रामुख्याने जादा सोडलेल्या बोटींनी. कडाक्याच्या थंडीत फळी खाली पडली आणि अंथरुणे, पोरे, म्हातारी माणसे आत गेली. त्या आठवड्यात त्या मार्गाच्या नफ्यातोट्याबद्दल कोणी ब्र काढला नाही.

हे सारे मुंबईहून लिहिताना भाऊच्या धक्क्याची आठवण टाळता येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसांना जलसमाधी मिळाली. आपल्याकडे रामदास लोकांच्या आठवणींत, गाऱ्हाण्यांत आणि बायाबापड्यांच्या हुंदक्यांत राहिली. तिच्यातून क्रीटसारखी एखादी कंपनी उभी राहिली नाही. मुंबई-गोवा आगबोट मात्र पुढे कित्येक वर्षे चालली. गिरणगावातला चाकरमानी गणपतीनंतर किंवा शिमग्याला तिनेच गावी जाई. बंदराला धक्का नसे, तेव्हा पडाव येऊन उतारूंना किनाऱ्यावर नेत. ग्रीसच्या छोट्या बेटांवरही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हीच पद्धत होती. तेथे पडाव गेले आणि धक्के आले. आपल्याकडे पडाव गेले आणि आगबोटही गेली. रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे झाली, त्यामुळे कोकणी माणूस अडला नाही, हा युक्तिवाद बिनतोड आहे. मांडव्याला २०२० पासून मोटारी नेणारी बोटही सुरू झाली. पण रस्ता असलेल्या ठिकाणी बोट ही सोय आहे आणि रस्ता नसलेल्या ठिकाणी तो हक्क आहे, हा भेद आपण कधी नीट समजून घेतला नाही. लक्षद्वीप आणि अंदमानच्या बोटींच्या वेळापत्रकाची चर्चा आपल्या वृत्तपत्रांत कितीशी होते?

ग्रीसपुढे आता नवा पेच आहे. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात कमी गंधकाचे, अर्थातच महाग, इंधन वापरणे जहाजांना बंधनकारक झाले आहे. २०२४ पासून युरोपातील जहाजांना धुरातील कार्बनचेही पैसे मोजावे लागतात. दोन लाखांहून कमी वस्तीच्या बेटांच्या मार्गांना त्यातून २०३० च्या अखेरपर्यंत सूट मिळाली आहे. क्रीटला ती नाही. हवा शुद्ध राहावी याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु जुन्या बोटी मोडीत काढून नव्या बांधण्याचा खर्च मोठ्या मार्गांवर तिकिटातून निघेल. वरकस मार्गांवर तो उतारूंकडून निघणे शक्य नाही. निविदेची मुदत वर्षाची, बोटीचे आयुष्य तीस वर्षांचे. वर्षाच्या कराराच्या भरवशावर कोणता मालक नवी बोट बांधील? या मार्गांचे करार निदान दहा-बारा वर्षांचे असावेत आणि लहान बोटी सरकारने स्वतः बांधून चालवायला द्याव्यात, असे आमचे मत आहे. नुसती सूट देऊन २०३० साल गाठता येईल, पण इराक्लियाच्या धक्क्यावर तोवर चाळिशी ओलांडलेल्या आगबोटीचीच वाट पाहत उभे राहावे लागेल.